तिसरे टिंब

गेल्या वर्षी धानाच्या रोवणीच्या हंगामात, एका बुधवारी सकाळी साडेदहा वाजता, देवरामजी माझ्या दुकानात ट्रॅक्टरची वाकलेली लिंक घेऊन आले. ती सरळ करायला मी नकार दिला. तिच्या जागी नवी बसवायला बारा मिनिटे लागली. अकराच्या आत ते ट्रॅक्टर घेऊन निघून गेले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत.

लाखांदूरला वडसा रस्त्यावर माझे वेल्डिंगचे दुकान तीस वर्षांहून जास्त काळ होते. फलकावर 'सर्व प्रकारची वेल्डिंगची कामे' असे लिहिलेले होते, पण निम्म्याहून अधिक काम ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूचे असे. त्यातली सतरा वर्षे मी भंडाऱ्याच्या एका वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्याही पाठवत होतो. आधी बसच्या ड्रायव्हरजवळ पाकीट देऊन, मग फॅक्सने, शेवटी मोबाइलवरून. तिथल्या डेस्कवरच्या गृहस्थांनी माझी पहिली बातमी परत पाठवली होती. समासात लाल शाईने लिहिले होते : काय झाले, केव्हा झाले, कोणी सांगितले. त्याखाली आणखी एक ओळ होती : बाकीचे स्वतःजवळ ठेवा.

पहिल्या ओळीचा दुकानातही उपयोग झाला. वाकलेला भाग घेऊन येणारा माणूस तो कसा वाकला हे सहसा खरे सांगत नाही. लोखंड पाहून ते कळते.

ज्यांनी ट्रॅक्टर फक्त रस्त्यावर पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ट्रॅक्टरच्या मागे लोखंडाचे तीन दांडे असतात. वर एक, खाली दोन. कंपनीच्या पुस्तकात त्यांना लांब नावे आहेत. आमच्याकडे खालच्या दांड्यांना नुसते लिंक म्हणतात. प्रत्येक लिंकच्या टोकाला फिरणारा गोळा असतो, त्यात भोक, भोकात पीन. नांगर असो की रोटाव्हेटर, मागे जे अवजार जोडायचे ते या तीन दांड्यांनाच जोडतात. सीटजवळचा दांडा ओढला की ते वर उचलले जाते.

आमच्या भागात लिंक वाकते ती बहुधा एकाच कारणाने. धानाची शेती बांध्यांत असते. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला लहान तुकडा, पाणी साठवण्यासाठी. रोवणीच्या आधी त्यात ट्रॅक्टर घालून चिखल करतात. कोपऱ्यात वळताना अवजार आधी उचलायचे आणि मग वळायचे, हा नियम प्रत्येकाला ठाऊक असतो. घाईत तो उलटा होतो. ट्रॅक्टर वळतो, अवजार चिखलातच राहते, त्याचे टोक धुऱ्यात शिरते आणि लिंक आडवी वाकते. चालवणाऱ्याचे लक्ष पुढे असते, त्यामुळे त्याला ते पुढच्या फेरीत कळते.

अशी लिंक ट्रॅक्टरला लागलेल्या स्थितीतच दुकानात येते. वाकल्यावर पीन भोकात अडकते. ती घन मारूनच काढावी लागते. पुढच्या घटनेसाठी हे लक्षात ठेवावे.

वाकलेले सरळ करण्याचे काम मी चिखल्याला शिकलो. मँगनीजच्या खाणीवर माल वाहणाऱ्या एका खाजगी वाहतूकदाराचे गॅरेज होते, तिथे. उस्ताद बोलत नसत. ते रंग दाखवत. लोखंड भट्टीत लाल होते तेव्हा पळसाच्या फुलाचा रंग येण्याच्या थोडे अलीकडे थांबायचे, जॅकच्या चौकटीत धरून दाबायचे, आणि सरळ झाले की ते राखेत पुरायचे. पाणी लावायचे नाही, वाऱ्यावरही ठेवायचे नाही; एकदम निवले की ते ठिसूळ होते. तिथे कोळशाची राख होती. लाखांदूरला आल्यावर मी धानाच्या तुसाची घेतली. राइस मिलच्या मागे तिचे ढीग असतात आणि कोणी नाही म्हणत नाही. तुसाची राख उष्णता धरून ठेवते. अर्धा कापलेला ड्रम भरून ती दुकानाच्या कोपऱ्यात असे. लिंक तिच्यात पूर्ण निवायला चार तास लागत.

निवली की नाही हे पाहण्याची पद्धत साधी होती. राखेवर तळहात ठेवायचा आणि शंभर मोजायचे. शंभरच्या आत हात उचलावा लागला तर लिंक आत गरम आहे.

राखेत निवलेली लिंक मऊ पडते. तुटत नाही, पण पुढच्या वेळी लवकर वाकते. म्हणून सरळ केलेल्या प्रत्येक लिंकवर मी गोळ्याजवळ पंचाने एक टिंब मारत असे. दुसऱ्यांदा सरळ केली की दुसरे. दोन टिंबांची लिंक पुन्हा वाकली तर नवी घालायची. तिसरे टिंब मी फक्त भंगारात टाकायच्या तुकड्यावर मारत असे, म्हणजे कोणी तो उचलून पुन्हा लावू नये.

चार तास थांबणे सर्वांना जमत नसे. एक गृहस्थ मी चहाला गेलो असताना लिंक चिमट्याने राखेतून काढून घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी ती दोन तुकड्यांत परत आली. जखमी कोणी नव्हते.

"मिस्त्री, तुमचं काम कच्चं निंगालं," ते म्हणाले.

तुटलेल्या जागी साखरेसारखे चमकणारे दाणे होते. मी विचारले, "पाण्यात कोणी टाकली?"

"कोनी नाइ."

"गरम लिंक घरापर्यंत नेली कशी?"

"थोडीशीच बुडवली जी. रस्त्यानं बांधीत. पायाखालचा रबर जळून राहिला होता."

टिंबांचाही उलटा अर्थ लागला. ती दुकानाची हमी आहे, असा समज तालुक्यात पसरला. जुने सुटे भाग बाजारात विकणारा एक माणूस टिंबांच्या लिंक वेगळ्या मांडू लागला. एकदा एक शेतकरी दुकानात आला आणि म्हणाला, "मले तीन टिंबंवाली पाह्यजे. एकवाली नोको."

"तीन काहून?"

"लय पक्की रायते मने."

बाजारात जाऊन पाहिले तर एका लिंकवर सहा टिंबे होती. चार माझी नव्हती. ती छिन्नीने मारलेली होती आणि ओळही वाकडी होती. ही बातमी मी पाठवली नाही. आपल्याच दुकानाची बातमी पाठवू नये, असा डेस्कचा दंडक होता.

आता देवरामजींविषयी.

त्यांचे गाव लाखांदूरपासून बसने पाऊण तासावर आहे. गावाच्या तलावाखाली त्यांच्या बांध्या आहेत. वय त्या वेळी साठच्या पुढे. पत्नीचे निधन झालेले, दोन मुली लग्न होऊन दूर गेलेल्या. घरात ते एकटे. पूर्वी त्यांचा ट्रॅक्टर गावात पहिला होता, त्यामुळे रोवणीत दुसऱ्यांच्या बांध्यांत त्यांना बोलावणे असे आणि दुपारचे जेवण कोणाच्या तरी धुऱ्यावर होई. आता घरोघरी ट्रॅक्टर आहेत. ही माहिती त्यांनी स्वतः दिलेली आहे.

ते प्रथम आले ते तीन वर्षांपूर्वी. लिंक धुऱ्यात वाकली होती, पीन अडकलेली होती. प्रकरण नेहमीचे होते.

"किती घंटे लागन जी?"

"चार."

"बसतो मंग," ते म्हणाले. बाकावर बसून त्यांनी डबा बाजूला ठेवला. चार तासांत ते तलावात पाणी किती आले, त्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, कोणत्या झाडाला वाळवी लागली, ढोक पक्षी यंदा उशिरा का आले, यावर बोलले. दुपारी डबा उघडला तेव्हा अर्धी भाजी माझ्या डब्याच्या झाकणात काढली. जाताना म्हणाले, "आज तोंडातून पयला शब्द तुमच्याजवळच निंगाला. घरी का, पोरगी फोनवर पुसते, जेवले का बाबा. जेवलो मनतो. झालं बोलनं."

पुढच्या दोन वर्षांत ते माझ्या आठवणीप्रमाणे नऊ वेळा आले. कधी पीन वाकलेली, कधी साखळीची कडी, एकदा अवजाराचा कोपरा. ज्या कामाला राख लागत नव्हती त्यालाही ते विचारत, "राखेत टाकावी लागन का?" मी टाकत असे.

ते काम नसताना का येत नव्हते, हे बाहेरच्या वाचकाला सांगावे लागेल. आमच्या झाडीपट्टीत रोवणीच्या महिन्यात माणसाला लागणारा शब्द शिवीचा नाही. तो आहे 'रिकामा'. गाव चिखलात असताना जो दुकानाच्या बाकावर दिसतो त्याला जाणारा-येणारा विचारतो, "काहून जी, रिकामे का?" त्याला उत्तर द्यावे लागते. माझ्या दुकानातल्या बाकावर बसणाऱ्याजवळ ते तयार असे : लिंक राखेत हाये. एवढे म्हटले की पुढे कोणी विचारत नसे.

देवरामजी शंभर मोजण्याचे काम स्वतःकडे घेत. तळहात ठेवून मोठ्याने मोजत, सावकाश. बहुतेक वेळा सत्तर-ऐंशीच्या दरम्यान हात उचलत.

"नाइ जी मिस्त्री. आंगात हाये अजून."

एकदा मी माझा हात ठेवून पाहिला. शंभर झाले, दीडशे झाले. लिंक निवलेली होती.

"आणखी अर्धा घंटा राहू द्या," मी म्हणालो.

"तेच मनलो मी," ते म्हणाले आणि पुन्हा बाकावर बसले.

दुसरे टिंब त्यांच्या लिंकवर दुसऱ्या वर्षी पडले. त्या वेळी वाकण्याचे कारण मी विचारले नव्हते.

त्या बुधवारी दुकानात गर्दी होती. गोपाळराव नावाचे धानाचे व्यापारी आपल्या ट्रॉलीचा तुटलेला आकडा घेऊन आले होते. त्यांच्याबरोबर त्यांचा ड्रायव्हर होता. गोपाळरावांची जीभ तालुक्यात प्रसिद्ध आहे आणि त्यांना त्याचा अभिमान आहे.

देवरामजींनी ट्रॅक्टर समोर उभा केला. डबा आणून बाकावर ठेवला. मग सीटमागून लिंक काढून माझ्या हातात दिली. पीन त्यांच्या खिशात होती.

मी लिंक फिरवून पाहिली. दोन टिंबे होती.

"दोनदा झाली आहे. आता नवी घालू," मी म्हणालो.

"एक डाव करून द्या जी. मी बसतो. मले घाई नाइ."

"रोवन्यात घाई नाइ मनते!" गोपाळराव ड्रायव्हरला म्हणाले. "पाह्य बाबू, सुखी मानूस पाह्य."

"धुऱ्यात गेली," देवरामजी मला म्हणाले. "वळताना."

लिंक बरोबर मधोमध वाकली होती. धुऱ्यात वाकते ती मधोमध वाकत नाही. लिंकला वर उचलणारा उभा दांडा जोडण्यासाठी एका टोकाकडे भोक असते, तिथे ती कच्ची असते आणि तिथेच वाकते. बाहेरच्या अंगाला दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर दगडाचे ओरखडे होते. आतल्या अंगाला, मधोमध, टायरच्या नक्षीचा चिखल वाळलेला होता. पीन घनाशिवाय निघाली होती. तिच्यावरचे ग्रीस जसेच्या तसे होते.

मी म्हणालो, "ही धुऱ्यात वाकली नाही. आधी काढली आहे, दोन दगडांवर आडवी ठेवली आहे, आणि वरून चाक घातले आहे."

गोपाळराव म्हणाले, "मंजे? आपल्याच हातानं? अन् काहून जी देवरामजी?"

ड्रायव्हर हसला. "रिकामा हाये बाप्पा मानूस."

गोपाळरावही हसले. त्यांच्या हसण्यात वाईट हेतू होता असे मला म्हणता येत नाही. त्यांना ते खरोखर कळले नव्हते.

देवरामजी माझ्याकडे पाहत होते. "नवीनच द्या," ते म्हणाले.

त्या मापाची एक नवी लिंक दुकानात होती. नव्या लिंकला भट्टी लागत नाही, राख लागत नाही. पुढची पीन घालायची, कडी लावायची, उचलणारा दांडा जोडायचा. मी काम करत असताना ते ट्रॅक्टरच्या चाकाजवळ उभे राहिले. बसले नाहीत. राखेच्या ड्रमकडे पाहिले नाही. काम झाल्यावर बाकावरचा डबा उचलला, न उघडलेला. ट्रॅक्टर सुरू केला आणि गेले. जुनी लिंक जमिनीवर राहिली. मी ती बाकाखाली सरकवली.

बातमी म्हणून माझे वाक्य बरोबर होते. त्याला चार पुरावे होते. ते छापले असते तर खुलासा द्यावा लागला नसता. समासातली लाल शाईची दुसरी ओळ मला त्या वेळी आठवली नाही. ती संध्याकाळी दुकानाचे शटर ओढताना आठवली.

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. रोवणी संपली, धान कापले, मळणी झाली. एरवी मळणीनंतर ते एखादी कडी घेऊन येत. आले नाहीत. दुसऱ्या एका दुकानात जातात, असे गोपाळरावांनी सांगितले. मी त्या दुकानात जाऊन विचारले. त्याला दुजोरा मिळाला नाही. पौषात बाजाराच्या दिवशी ते वांग्यांच्या दुकानापाशी दिसले. मी हाक मारली. गर्दी होती. त्यांनी ती ऐकली की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही.

त्यांच्या गावी जाणे मला तेव्हा शक्य होते. बस रोज तीन आहेत. मी गेलो नाही. तिथे जाऊन काय सांगायचे, हे ठरले नव्हते.

यंदा होळीनंतर माझ्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी भट्टीसमोर आणि वेल्डिंगजवळ उभे राहायला मनाई केली. मी दुकान बंद केले. पत्नी दोन वर्षांपासून बहुतेक काळ मुलीकडे पुण्याला असते, नातवासाठी. मी तिथे महिनाभर राहून परत आलो. तिथे सर्व जण चांगले वागले. सकाळी नऊला घरातले सारे आपापल्या कामाला जात आणि संध्याकाळपर्यंत मी सोसायटीच्या फाटकावरच्या माणसाला येणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचून दाखवत असे. त्याला त्याची गरज नव्हती. त्याने नाही म्हटले नाही.

लाखांदूरला परतल्यावर सकाळी चहाच्या टपरीवर जाऊ लागलो. चौथ्या की पाचव्या दिवशी ओळखीच्या एका शेतकऱ्याने खांद्यावरचे फावडे न उतरवता विचारले, "काहून जी मिस्त्री, रिकामे का?" मी चहाचे पैसे दिले आणि उठलो. नंतर मी चहा घरीच करू लागलो.

दुकानाची शेड ज्यांना दिली त्यांनी पाऊस लागायच्या आत मोकळी करून मागितली. जॅकची चौकट, सिलिंडर, ऐरण गेली. भट्टी आणि राखेचा ड्रम कोणी घेतला नाही. बाक उचलला तेव्हा खाली देवरामजींची लिंक होती. गंजलेली, दोन टिंबांची, मधोमध वाकलेली.

त्या दिवशी सकाळी मी भट्टी पेटवली. डॉक्टरांची मनाई होती, म्हणून काळा चष्मा लावून तिरके उभे राहून रंग पाहिला. चौकट नव्हती. दोन दगडांवर ठेवून घनाने सरळ केली. त्याला नेहमीपेक्षा तिप्पट वेळ लागला. मग राखेत पुरली आणि बाकावर बसलो. दुकानात दुसरे कोणी नव्हते. रस्त्याने दोन ट्रॅक्टर गेले. एकाने हॉर्न दिला.

चार तासांनी तळहात ठेवून मोजले. पहिल्याच खेपेला शंभर झाले.

पंच विकायच्या सामानात गेला होता. जाड खिळ्याने टिंब मारले. सरळ करून दिलेल्या लिंकवर मी मारलेले हे एकमेव तिसरे टिंब. ती ट्रॅक्टरला लावण्यासाठी नव्हती.

रोवणी सुरू होऊन आठवडा झाला तेव्हा, लिंक पोत्यात गुंडाळून, सकाळच्या बसने मी त्यांच्या गावी गेलो. कंडक्टर ओळखीचे होते.

"काय मिस्त्री, दुकान बंद केलं मने. आता कुठं जाऊन राहिले?"

"लिंक पोचवायची आहे," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि तिकीट दिले.

गावात घर विचारावे लागले. घरापुढच्या छपरीत, म्हणजे ओसरीत, दाराला कुलूप नव्हते, कडी लावलेली होती. शेजारच्या बाई सूप घेऊन बाहेर आल्या.

"देवरामभाऊ? बांधीत हायेत. जेवाले येतीन. काय काम होतं जी?"

"त्यांची लिंक द्यायची आहे."

"मंग बसा ना," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

साडेबाराच्या सुमारास देवरामजी ट्रॅक्टर घेऊन आले. गुडघ्यापर्यंत चिखल होता. मी घातलेली डाव्या बाजूची लिंक छपरीतूनच पाहिली. सरळ होती. तिच्यावर टिंब नव्हते. वर्षभरात तिला काही झाले नव्हते.

त्यांनी ट्रॅक्टर बंद केला, मला पाहिले, आणि आधी पाय धुतले. पाय धुवायला बराच वेळ लागला.

"मिस्त्री."

"हो."

"काहून आले जी?"

मी पोते सोडले. "ही राहिली होती."

त्यांनी लिंक उचलली, वळवली, गोळ्याजवळ अंगठा फिरवला.

"तीन."

"तीन."

"तीनवाली तं भंगारात जाते ना जी?"

"जाते."

"मंग?"

यावर काय म्हणायचे हे मी बसमध्ये ठरवले होते. वाक्य तयार होते. ते मी म्हटले नाही. म्हणालो, "सरळ आहे का बघा."

त्यांनी लिंक छपरीच्या फरशीवर ठेवली आणि वाकून तिच्याखालून उजेड दिसतो का ते पाहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्या दुकानात मी असेच पाहत असे.

"सीधी हाये," ते म्हणाले. थोड्या वेळाने विचारले, "राखेत किती घंटे होती?"

"चार."

"शंभर मोजले?"

"मोजले."

"कोन बसला होता?"

"मीच."

त्यांनी लिंक उचलून दाराजवळ भिंतीला टेकवून ठेवली. आत गेले. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात दोन ताटल्या होत्या. भात आणि वांग्याची भाजी. एक माझ्यासमोर ठेवली.

"बस कवा हाये तुमची?"

"दोनला. नंतर साडेपाचला."

त्यांनी भातावर भाजी घेतली. "दोनच्या बसले लय गर्दी रायते जी," ते म्हणाले.

दोनची बस दोन वाजून दहा मिनिटांनी आली. छपरीतून ती स्पष्ट दिसत होती. तिच्यात सात-आठ माणसे होती. मी साडेपाचच्या बसने परत आलो.